करार अकरा महिन्यांचा, नियम मात्र दर महिन्याला नवा?

मुंबईत कापडाचे दुकान चालवायचे म्हणजे बाहेरगावाहून आलेल्या पोरांच्या राहण्याची फिकीरही शेटलाच करावी लागते. मालेगावचा एक, खेडचा एक, लातूरकडचा एक असे तिघे-चौघे मिळून खोली घेतात. खोली मिळवताना किती दारे ठोठवावी लागतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणूनच मुदतीच्या मध्येच घरमालकाने “आता दोघेच राहा, तिसरा नको” असे फर्मान काढले की पोरे घाबरून गप्प बसतात.

आमच्या दुकानातच असे दोन प्रसंग घडले. पहिल्या वेळी चूक आमची होती. खोली तोंडी ठरली होती. मालकाने तिघांना राहायला दिले, अनामत घेतली आणि चार महिन्यांनी म्हणाला की तिसऱ्याचे जादा पैसे द्या, नाहीतर त्याला काढा. आम्हीच त्या मुलाला सांगितले, “बेटा, कागद नाही तर हक्क कसला?” तो पंधरा दिवस दुकानात ताग्यांवर झोपला आणि शेवटी गावी निघून गेला. हिशेबाला पक्का मुलगा होता. पुढे एका वकीलसाहेबांनी कायदा उघडून दाखवला, तेव्हा कळले की आम्ही त्याला नेमके उलटे सांगितले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे कलम ५५ प्रत्येक व्यापाऱ्याने वाचून ठेवावे. भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसेन्स, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. असा नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या शर्तींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे कागद नव्हता ही आमच्या पोराची कमजोरी नव्हती, मालकाची होती.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. करार नोंदवला, तिघांची नावे त्यात घातली. पाचव्या महिन्यात मालकाचा मोबाइलवर संदेश आला: पुढच्या महिन्यापासून दोघेच, पाहुणा बंद आणि भाडे तेवढेच. आता चव्वेचाळीस इंची पन्ह्याचा सौदा करून छत्तीस इंचीचा माल पाठवला आणि भाव तोच मागितला, तर कोण देईल? कराराचा कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ६२ प्रमाणे झालेला करार बदलायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. एकट्याच्या संदेशाने शर्त बदलत नाही. आम्ही मुलांकडून लेखी उत्तर पाठवले, पोच घेतली आणि भाडे ठरल्या तारखेला बँकेतून भरत राहिलो. भाडे थांबवणे ही अशा भांडणातली सर्वात मोठी चूक असते. मालकाला आयते कारण मिळते.

मात्र करार नीट वाचावा. त्यात “एक महिन्याच्या नोटिशीने कोणीही करार संपवू शकतो” असे लिहिले असेल, तर मालक नियम बदलू शकत नसला तरी नोटीस देऊन करारच संपवू शकतो. म्हणून किमान सहा-आठ महिने कोणी करार मोडणार नाही अशी अट सुरुवातीलाच घालून घ्यावी. “सोसायटीचे नियम पाळीन” हे वाक्यही बहुतेक करारांत असते. सोसायटीचे नाव पुढे केले, तर ठरावाची प्रत मागावी. बऱ्याचदा ठरावच नसतो. करारात एकाचेच नाव असेल, तर बाकीच्यांची बाजू लंगडी पडते आणि मालक पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप करू शकतो. दुकानदाराने स्वतःच्या नावावर खोली घेतली असेल, तर ती कामगारांच्या राहण्यासाठी आहे आणि किती जण राहतील, हे लिहून घ्यावे.

पागडीच्या जुन्या खोल्यांचा मामला निराळा. तिथे पैसे घेऊन परक्याला ठेवले, तर कलम १६ खाली जागाच हातची जाऊ शकते. तिथे फार जपून.

सूरह बकरात देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. आम्ही उधारीची वही रोज लिहितो, खोलीचा सौदा मात्र चहाच्या कपावर करतो.

हेही सांगितले पाहिजे की लायसेन्सची मुदत संपल्यावर बसून राहण्याचा हक्क नाही. कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन राहण्याची जागा परत घेऊ शकतो आणि जादा राहिलेल्या दिवसांचे दुप्पट पैसे लागू शकतात. मुदतीतले वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. सामान बाहेर फेकणे किंवा कुलूप बदलणे हा कायद्याचा रस्ता नव्हे.

आमच्या उत्तरानंतर मालक गप्प राहिला. अकरा महिने संपले तेव्हा म्हणाला, नवा करार दोघांचाच करू. तो त्याचा हक्क होता. मुलांनी खोली झाडून किल्ली दिली, अनामत मोजून घेतली आणि तिघेही दुसऱ्या खोलीत गेले.