उणे पाणीसाठ्याकडे रोखलेला बाण

प्रश्न : उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख मॅटप्लॉटलिबमध्ये काढला आहे. साठा उणे झाला तो दिवस बाणाने कसा दाखवावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : यासाठी ‘अ‍ॅनोटेट’ हे फंक्शन वापरावे. उजनीचा मृतसाठा सुमारे ६३.६६ टीएमसी आहे. पाणी त्याखाली उतरले की टक्केवारी उणे मोजतात. आलेखाची रेघ शून्याला छेदते तो बिंदू, म्हणजे ती तारीख आणि शून्य टक्के, ‘एक्सवाय’मध्ये द्यावा. बाण तिकडेच रोखला जातो. मजकुराची जागा ‘एक्सवायटेक्स्ट’मध्ये, तर बाणाचा आकार, रंग आणि जाडी ‘अ‍ॅरोप्रॉप्स’मध्ये ठरते. ‘अ‍ॅरोप्रॉप्स’ गाळल्यास नुसता मजकूर उमटतो. ‘टेक्स्टकोऑर्ड्स’ला ‘ऑफसेट पॉइंट्स’ हे मूल्य दिले, तर अक्षांच्या मर्यादा बदलल्या तरी मजकूर बिंदूपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग.

‘अ‍ॅरो’ फंक्शन येथे टाळावे. त्याची मापे अक्षांच्या एककांत असतात. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्यावर टक्के असले की बाणाचे टोक वेडेवाकडे दिसते. वाऱ्याच्या दिशेसारखे अनेक बाण एकाच वेळी काढायचे असल्यास ‘क्विव्हर’ योग्य ठरते.