उजव्या सीटवर बसण्याआधी

कोपरगाव

चि. सोनू हीस,


तुझं पत्र मिळालं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात आलं, एअरलाइनची भरती लांबली, म्हणून महिनाभरात एएफआयआर, म्हणजे सहाय्यक फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, करून देणारा जलद कोर्स घ्यावा का, असं विचारतेस. जरूर घे. पण शिकवण्याची मनापासून ओढ असेल तरच घे, आणि निम्मी तयारी घरूनच करून जा. नुसते तास वाढवायला इन्स्ट्रक्टरच्या उजव्या सीटवर बसू नकोस. तुझ्या लॉगबुकात भरणारा प्रत्येक तास कुणाच्या तरी आईबापांनी कर्ज काढून विकत घेतलेला असतो. आपल्या घरानं तुझ्यासाठी काय केलं, हे तुला सांगायला नको.

विमान चालवणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे वैमानिकांनाही उशिराच उमगलं. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून थकूनभागून आलेल्यांना शिकवायला बसवत आणि कितीतरी पोरं शिकतानाच जात. 1917 मध्ये इंग्लंडात गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी आधी शिक्षकांनाच शिकवायला घेतलं. विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवण्याऐवजी त्यांनी स्पिन, म्हणजे विमानाची गिरकी, मुद्दाम घडवून त्यातून बाहेर पडायला शिकवलं. वर काय चाललंय ते शिक्षकानं बोलून सांगावं म्हणून नळीही बसवली. आजचं शिक्षण त्याच पायावर उभं आहे.

आता सेसना विमानाच्या उजव्या सीटचं सांगतो. तिथं हात बदलतात: थ्रॉटल डाव्या हातात, कंट्रोल उजव्यात. डावीकडची घड्याळं तिरकी दिसतात, काटा जरा सरकलेला वाटतो. धावपट्टीची मधली रेघही सुरुवातीला फसवते. हे सगळं सांभाळत तोंडानं सांगत राहायचं असतं आणि हाताची हालचाल त्या शब्दाबरोबरच व्हायला लागते. खरी कसोटी उतरताना. दहा-पंधरा फुटांवर पोरगं नाक उचलायला उशीर करतं. तू लगेच हात घातलास तर ते काही शिकत नाही. जरा जास्त थांबलीस तर पुढचं चाक आपटतं. ही थांबण्याची जाण पाठांतरानं येत नाही, अनेक उड्डाणांतून मुरत जाते.

म्हणून घाई कशाची करायची ते ओळख. थिअरी, प्रत्येक धड्याची टिपणं, फळ्यावर समजावणं हे घरी आधीच कर. स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, का होतो, हे आजीला कळेल असं मराठीत सांगून बघ; तिनं विचारलेल्या शंका लिहून ठेव. एवढं करून गेलीस तर कोर्सचे दिवस फक्त उड्डाणाला राहतील. तिथंही दिवसाला दोन उड्डाणं पुरेत. उन्हाळ्यात दुपारी विमान हेलकावे खातं, डोकं शिणतं. मग शिकलेलं टिकत नाही.

स्कूल निवडताना जाहिरातीतले दिवस मोजू नकोस. विमान वाहतूक नियामक डीजीसीएची मान्यता चालू आहे ना, ते बघ. 2025 पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलांची क्रमवारी लावते, तीही बघ. मग स्वतः जा. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, कुठंही गेलीस तरी आधी तिथल्या पोरांजवळ बस. आज किती विमानं उडण्याजोगी आहेत? किती देखभालीत अडकलीत? एका इन्स्ट्रक्टरमागं किती विद्यार्थी? शेवटपर्यंत एकच इन्स्ट्रक्टर मिळतो का? परीक्षेला तारीख किती दिवसांत मिळते? ढगांनी खोळंबा झाला तर जादा पैसे लागतात का, ते लेखी घे. कमी दृश्यमानतेमुळं आपल्या काकडीच्या शिर्डी विमानतळावरची मोठी विमानंसुद्धा रद्द झालेली तुला माहीत आहेत. शिकाऊ विमानाचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यातला महिनाभराचा कोर्स महिन्यात संपेल, हे धरून चालू नकोस. फी एकदम भरू नकोस, टप्प्याटप्प्यानं दे.

रेटिंग मिळालं तरी सुरुवातीला तू फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखालीच शिकवशील. त्यात कमीपणा मानू नकोस. जिथं तो माणूस खरोखर लक्ष घालतो, तुझ्या चुका उड्डाणानंतर बसवून सांगतो, तिथं पगारात चार पैसे कमी मिळाले आणि कोर्सला पंधरा दिवस जास्त लागले तरी जा. दोन स्कूलांत मन अडकलं तर याच एका गोष्टीवर निवड कर.

तब्येतीला जप. पुढच्या पत्रात स्कूलांची नावं कळव.

तुझा,
मामा