राजकारणाचें मूळ

राज्याचें राजकारण सभेच्या मांडवांत दिसतें खरें, परंतु त्याचें मूळ शेतांत व बाजारांत असतें, असें आम्हांस वाटतें. आपला विदर्भच पहा.

नागपूरकडील गांवें मालगुजारांच्या मालकीचीं होतीं. कुळास त्यांच्या तोंडाकडे पाहावें लागे. वऱ्हाडांत रयत सारा थेट सरकारांत भरी; म्हणून तेथील कुणबी अधिक स्वतंत्र राहिला. मालगुजारी १९५१ सालीं संपली.

१८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. येथील कापूस मुंबईस व विलायतेस जाऊं लागला आणि तिकडील कापड इकडे आलें. १८७७ सालीं एम्प्रेस गिरणी निघाली. हातमागाचा धंदा खालावला; कित्येक कोष्टी व महार विणकर गिरणींत मजूर झाले. पीक येथलें, पण भाव ठरे दूरच्या पेढीवर!

आपलें धन परक्या हातीं जाईल, ही भीति तेव्हांपासूनची. १९५३ च्या नागपूर करारांत म्हणूनच खर्चांत व नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा, आणि नागपुरांत दरवर्षीं विधिमंडळाचें एक अधिवेशन, हीं कलमें आलीं. १९५५ सालीं राज्यपुनर्रचना आयोगानें निराळ्या विदर्भाची शिफारस केली. तथापि १९६० सालीं महाराष्ट्र झाला, त्यांत विदर्भ राहिला. निराळ्या राज्याची मागणी मात्र मावळली नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, उद्यां मत देण्याचा अधिकार तुमच्या हातीं येईल. तेव्हां घोषणा कोणती एवढेंच पाहूं नका. जमीन कोणाची, श्रम कोणाचे आणि भाव कोण ठरवितो, हें आधीं विचारा.