‘काही होणार नाही’ म्हणण्याआधी

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, ‘अक्का, ज्याचं ऑपरेशन होत नाही आणि चष्म्यानंही भागत नाही, त्याला काय सांगून परत पाठवू?’ मी एसटीत होते, धड बोलता आलं नाही. आता जेवणं आटोपलीत. ऐक.

डोळे तपासण्याच्या माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. साखर कारखान्यांचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर ऊसतोडीची माणसं गावी परततात, त्या दिवसांत धारूरच्या डोंगराकडचा एक बाप नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आला. डोळ्यांचा पडदा जन्मापासून अधू, चष्मा लावूनही नजर ६/६०. मी केसपेपर लिहिला आणि म्हणाले, ‘आता काही होणार नाही, अंधशाळेत घाला.’ बाप बोलला नाही. टोपी काढली, परत घातली, पोराचा हात धरला. दाराशी ते पोर थांबलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर नाकाला लावून वाचायला लागलं. मी ते पाहिलं गं, आणि तरीही हाक मारली नाही.

६/६० चं पोर आंधळं नसतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही अल्पदृष्टी अंधत्वाहून वेगळी धरलीय: उत्तम चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत, किंवा दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत. हा दुसरा भाग विसरू नकोस. चार्टवर ६/९ वाचणारा माणूस बांधावरून पडतो, कारण त्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. त्यातच तो रातांधळा असेल, तर पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरणं, रात्री गाडी भरणं त्याला किती अवघड जात असेल! मुकादमाला वाटतं कामचुकार आहे. म्हणून समोर बसवून चारही बाजूंनी बोटं दाखवून बघ, एवढ्यावरही बरंच कळतं. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक होते आणि असे आजार रक्तातून उतरू शकतात, म्हणून एक पोर असं निघालं की भावंडांनाही बोलाव.

आता मुख्य गोष्ट. ‘किती दिसतं?’ हे चार्ट सांगेल. तू विचार, ‘काय करायचं अडलंय?’ एखादी आज्जी म्हणेल, पोथी वाचायचीय. एखादी म्हणेल, तांदळातले खडे दिसत नाहीत. कुणाला गोळ्यांची पाकिटं ओळखायचीत. प्रत्येकीचा उपाय वेगळा, आणि निम्म्या उपायांना पैसाही लागत नाही. पांढरा भात स्टीलच्या ताटात हरवतो, गडद ताटात दिसतो. उंबऱ्याच्या आणि पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा ओढला की ठेच चुकते. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून दिली की वाचणाऱ्याची ओळ सुटत नाही. दिवा समोरून नको, खांद्यामागून पानावर पडू दे. केस-कातडी पांढरी असलेल्या पोराला उजेड सोसत नाही, त्याला पुढे झाप असलेली टोपी दे आणि वर्गात खिडकीकडे पाठ करून बसव.

भिंग वापरायला मात्र शिकवावं लागतं. ६/६० असेल तर ६० ला ६ नं भाग, १० डायॉप्टरपासून सुरुवात कर. ते भिंग कागदापासून १० सेंटीमीटरवरच चालतं, म्हणजे पंजाच्या रुंदीएवढं. माणसं ते हातभर लांब धरतात, सगळं धुरकट दिसतं, मग ‘उपयोग नाही’ म्हणून भिंग फडताळात जातं. अर्धा तास शेजारी बस, त्यांच्या हातानं धरायला लाव, चार दिवसांनी परत बोलाव. म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग झिजलेल्यांना समोरचा चेहराच दिसत नाही; त्यांना नजर जराशी बाजूला वळवून बघायला शिकव. सवय व्हायला आठवडे लागतात.

घरची म्हणतील, ‘वाचू नको, उरलीसुरली नजर जाईल.’ हा समज एकेकाळी शाळांमध्येही होता. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या नटाली बरागांनी अल्पदृष्टीच्या मुलांना बघण्याचा सराव दिला. मोजलेली नजर होती तेवढीच राहिली, पण मुलं त्याच नजरेनं जास्त बघू लागली. हे बापाला सांग, त्याच्या भाषेत सांग.

अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, डोळ्यांचे डॉक्टर आहेत. पण ऑपरेशन संपल्यावर उरलेल्या माणसाजवळ बसणारं कुणीतरी शिकून तयार व्हावं लागतं, आणि ते काम तुझ्या-माझ्यासारख्यांचं आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत अल्पदृष्टीसाठी मीरा आणि एल. बी. देशपांडे यांच्या नावाचं केंद्र आहे. जमलं तर तिथलं प्रशिक्षण घे. पण तोवर थांबू नकोस.

आणि तारखा देताना आपला जिल्हा लक्षात ठेव. दसरा झाला की घरंच्या घरं कारखान्यांकडे जातात. कार्तिकात ‘पंधरा दिवसांनी या’ लिहिणं म्हणजे कागद वाया घालवणं. भिंगाचा सराव उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत उरकायचा. आईबाप तोडीला गेल्यावर मागे हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या पोरांच्या गुरुजींना भेटून सांग, पहिल्या बाकावर बसवा, फळ्याजवळ उठून जाऊ द्या, जाड काळ्या पेनानं लिहू द्या. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्जही दसऱ्याआधीच भरून घे. सरकारी नोकऱ्यांतल्या १ टक्का जागा अंध आणि अल्पदृष्टी दोघांसाठी मिळून राखीव आहेत, हे फार थोड्या आईबापांना ठाऊक असतं.

ते धारूरकडचं पोर मी नंतर शोधलं. बापाचं नाव सांगत गावात फिरले. टोळी कर्नाटकात गेली होती, पोरगंही बरोबर गेलं होतं. पुन्हा भेट झाली नाही.

रविवारी येतेस ना? तुझा जुना चष्मा घेऊन ये. त्याच्या काचांना व्हॅसलीन फासू, तू तो घालून माझ्या चुलीपाशी एक भाकरी थाप. मग डोळ्याला कागदाची नळी लावून अंगणातून नळापर्यंत जाऊन ये. बाकीचं त्यानंतर बोलू.