बंब, हीटर आणि गीझर

आमच्या वसतिगृहाच्या फलकावर एक सूचना असते : 'खोलीत हीटर वापरण्यास सक्त मनाई आहे.' गेल्या वर्षी ती वाचून आमच्या खोलीत तिघांनी तीन अर्थ केले. एकास कॉईलची विजेची शेगडी आठवली, दुसऱ्यास बादलीत सोडावयाचा रॉड. तिसऱ्याच्या मते हीटर म्हणजे खोली उबदार करणारे यंत्र. ते त्याने इंग्रजी चित्रपटात पाहिले होते. नगरकडे थंडीला शेकोटी व घोंगडी पुरते. तापवायचे ते पाणी, खोली नव्हे. शब्द इंग्रजीतून घेतला, तरी त्याचा अर्थ आपण आपल्या गरजेनेच ठरविला.

मी मात्र बोलून गेलो, "म्हणजे बंबच की!" सगळे हसले. बंब हा शब्द अडाणी ठरला.

आमच्या घरी तांब्याचा बंब आहे. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी. नळीत तुरकाट्या नि कोळसा टाकायचा. धूर वरून जातो, भोवतीचे पाणी तापते, ते तोटीतून घ्यायचे. आई पहाटे तो पेटवते. तिने शाळा पाहिलेली नाही. तेव्हा हा शब्द अस्सल गावरान असणार, अशी माझीही समजूत होती.

पुढे ग्रंथालयात शोध घेतला आणि चकित झालो. 'बंब' मूळचा पोर्तुगीज! त्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. म्हणूनच आग विझवणारी गाडीही 'आगीचा बंब'. एका बंबाच्या पोटात आग, दुसऱ्याचे काम आग विझविण्याचे, नाव एकच! दोहोंत पाण्याने भरलेली धातूची टाकी, एवढ्या साम्यावरून ते इकडून तिकडे गेले असावे, असा माझा तर्क आहे. आपल्या नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. तेव्हा ज्ञानेश्वरांना चूल माहीत होती (ती संस्कृत 'चुल्ली'पासून आली), पण बंब हा शब्द माहीत असणे शक्य नाही.

'गीझर' म्हणून मिरविणाऱ्यांचेही तसेच. आइसलँडमध्ये जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा एक झरा आहे; त्याचे नाव इंग्रजांनी न्हाणीघरातील यंत्रास दिले.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "कुठला का असंना, आधी पाणी काढून घे. निवतंय."