पट्टा आणि रायफल : नेमबाजीच्या वर्गाची पूर्वतयारी

मागील पालकसभेत इंदापूरकडून आलेल्या एका आजींनी आम्हांस सर्वांसमक्ष विचारले, "गुरुजी, सकाळी वंदना म्हणणारी ही लेकरं दुपारी बंदूक कशी काय धरत्यात?" सभेत हशा पिकला. आम्ही घाईघाईने काही उत्तर दिले आणि पुढच्या विषयाकडे वळलो. परंतु ते उत्तर अपुरे होते, ही रुखरुख मनात राहिली. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

पंचशीलातील पहिले शील आपण सर्व जाणतो. नेमबाजीच्या वर्गाचा पहिला पाठही तोच आहे : रायफल रिकामी असो वा भरलेली, तिची नळी कोणत्याही जीवाकडे वळता कामा नये. बारामती तालुक्यातच, सुप्याजवळ, चिंकारांसाठी राखलेले मयुरेश्वर अभयारण्य आहे. सहलीत ती हरणे पाहिलेल्या मुलांना आमचा नेम कागदापुरताच असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते. पुढे इंग्रज सरकारने आपल्या लोकांसाठी लष्कराची दारे बंद केली. ती पुन्हा उघडावीत म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने 1910 साली जेजुरीस परिषद भरली आणि भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडण्यात आला. जेजुरी आपल्याहून फार दूर नाही. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, तोवर एक पिढी अर्ज करण्यातच सरली होती. ज्या हातांना रायफल नाकारली गेली, त्या घरांतील मुले-मुली आज ती जबाबदारीने उचलतात, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. काही वर्षांपूर्वीच्या शिबिरातील ही हकीकत आहे. नववीतील एक विद्यार्थिनी, आईवडील ऊसतोडीच्या टोळीत, हंगामात माळेगाव-भवानीनगरच्या बाजूस फडावर. अंगाने किरकोळ, स्वभावाने शांत. तिच्या पाच गोळ्या कागदावर वर-खाली अशा विखुरल्या, की जणू पाच जणींनी झाडल्या असाव्यात. आम्ही म्हणालो, "श्वास सांभाळ." दुसऱ्या खेपेसही तेच झाले. तेव्हा आम्ही इतर मुलांच्या देखत बोलून गेलो की, हिच्या अंगात बळच नाही. ती काही बोलली नाही. रायफल खाली ठेवून मागे जाऊन बसली.

सायंकाळी सफाईच्या वेळी आमच्या हाती दोन गोष्टी आल्या. नळी दस्त्याशी जोडणारा पुढचा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. आणि तिने दंडाला बांधलेला स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, शेवटच्या छिद्रात बक्कल अडकवूनही सैल राहत होता. तो मोठ्या माणसाच्या दंडासाठी कापलेला होता. दोष तिच्या अंगात नव्हता. तो आमच्या तयारीत होता. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतील चर्मकाराकडून पट्ट्याला तीन छिद्रे अधिक पाडून घेतली, स्क्रू आवळला आणि तिला पुन्हा बोलावले. पाचही गोळ्या आगपेटीखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत लागल्या. आम्ही तिची क्षमा मागितली, तीही सर्वांच्या देखत. तेव्हापासून आमच्या वर्गाची सुरुवात स्लिंगपासून होते.

खांद्याला अडकवून रायफल नेण्याचा पट्टा आणि नेम स्थिर करण्याचा पट्टा यांत फरक आहे. पहिला दस्त्याच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कड्यांना जोडलेला असतो. घाईच्या वेळी त्यात हात घालून मनगटाभोवती एक वेढा दिला की थोडा आधार मिळतो. पण ताण मागच्या कड्यावरही येत असल्याने खांद्यातील बट हलतो. दुसरा पट्टा केवळ पुढच्या कड्यास जोडतात. त्याचे दुसरे टोक डाव्या दंडावर, काखेच्या जरा खाली, फासासारखे घट्ट बसते. पालथे झोपून, ज्यास नेमबाज प्रोन म्हणतात त्या स्थितीत, डावे कोपर जमिनीवर रायफलच्या जवळजवळ खाली येते आणि दंड, पट्टा व पुढचा हात यांचा त्रिकोण तयार होतो. रायफलचे वजन मग स्नायूंवर न पडता हाडांवर व पट्ट्यावर पडते. स्नायू थकतो व थरथरतो. हाड थकत नाही. म्हणूनच किरकोळ अंगाची मुलगी धिप्पाड मुलाच्या बरोबरीने नेम धरू शकते, आणि म्हणूनच आमचे ते वाक्य केवळ कठोर नव्हते, तर चुकीचेही होते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, ते याच पट्ट्याच्या आधाराने. त्या टार्गेटवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही स्थिती असतात. पहिल्या दोहोंत पट्टा चालतो, उभ्याने मात्र तो काढावा लागतो. तेव्हा पट्ट्याने शिकलेली स्थिरता पट्ट्याविनाही अंगात उतरली पाहिजे, हे मुलांना या उदाहरणावरून चटकन समजते.

पट्टा निवडताना आम्ही प्रथम त्याचा ताण पाहतो, रूप नंतर. चामड्याचा पट्टा दंडावर छान बसतो व घसरत नाही. परंतु घामाने व पावसाळी दमटपणाने तो लांबतो आणि आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून कडक होतो. जूनमध्ये चौथ्या छिद्रात बसणारा पट्टा मार्चमध्ये तिसऱ्यातही आवळतो, हा आमचा अनुभव. सुती विणीचा पट्टा स्वस्त व टिकाऊ. पण भिजला की आकसतो आणि त्याच्या विणीत धूळ साठते. इंदापूरच्या माळावरील धूळ व पाचट जाळण्याच्या दिवसांतील काजळी यांपासून काहीच सुटत नाही, पट्टा तरी कसा सुटेल? साधा नायलॉनचा पट्टा गुळगुळीत असल्याने दंडावरून खाली सरकतो, म्हणून तो आम्ही घेत नाही. न ताणणाऱ्या कृत्रिम कापडाचे, आतून खरखरीत अस्तर असलेले स्पर्धेचे पट्टे सर्वांत चांगले, पण महाग. नवशिक्या वर्गास बऱ्यापैकी जाड चामड्याचा पट्टा पुरतो. रुंदीची मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांनी 40 मिलिमीटर घातली आहे. फार अरुंद पट्टा दंडात रुततो, हेही ध्यानी ठेवावे.

दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. फास तिच्यावर बसला तर नाडीचा प्रत्येक ठोका साइटमध्ये दिसू लागतो. म्हणून पट्ट्याचा ओढ दंडाच्या बाहेरच्या अंगास यावा आणि आत जाड बाह्यांचा सदरा असावा. आमची मुले जुना स्वेटर वापरतात. हात बधिर झाला, बोटे निळसर दिसू लागली, तर पट्टा लगेच सोडावा. सोसण्यात शौर्य नाही.

पट्टा नेमका बसला की नाही, हे कळावे कसे? स्थिती घेऊन डाव्या हाताची बोटे पूर्ण सैल सोडावीत. रायफल खाली घसरली, तर पट्टा सैल आहे. ती जागच्या जागी राहिली, तर डोळे मिटावेत, दोनतीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. साइट टार्गेटच्या बाजूला गेलेली दिसली, तर हाताने रायफल ओढून आणू नये. डावे कोपर तसेच ठेवून कंबर व पाय किंचित सरकवावेत, म्हणजे सारे शरीरच वळते. श्वासाबरोबर साइट सरळ वर-खाली जावी. ती तिरकी जात असेल, तर बसणीत अजून चूक आहे. हे करण्यास दहा मिनिटे लागतात आणि मुले कंटाळतात. तरीही वर्गातील सर्वांत मोलाची दहा मिनिटे हीच, असे आमचे मत आहे.

आता रायफलकडे. शाळेत काडतूस ठेवले जात नाही, हे पालकांच्या माहितीसाठी प्रथम नमूद करतो. पॉइंट टू टू रायफली एनसीसीच्या कोतमधून रखवालीत येतात व मोजून परत जातात. रायफल हाती येताच बोल्ट उघडून, चेंबर डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून ती रिकामी असल्याची खात्री करायची. शेजाऱ्याने पाहिले असले तरी आपण पुन्हा पाहायचे. मग बोल्ट काढून नळीतून कोरडी चिंधी ओढायची, शक्यतो चेंबरच्या बाजूने, कारण नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम कायमचा बिघडतो. नळीत तेल राहिल्यास पहिली गोळी भलतीकडे जाते. त्यानंतर दस्त्याचे स्क्रू, पट्ट्याचे कडे व साइट हलते का, ते तपासायचे. स्क्रू आवळण्याचे काम आम्ही मुलांवर सोडत नाही. ते शिक्षक किंवा आर्मरर करतात. सांगणे न लगे, हा धडा आम्हीच प्रथम शिकलो.

रिकाम्या रायफलचा चाप ओढण्याचा सराव उपयुक्त खरा. पण पॉइंट टू टूमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून दोहोंचे नुकसान होऊ शकते. म्हणून झाडलेल्या काडतुसाची पुंगळी आत ठेवूनच तो करावा, आणि तोही शिक्षक समोर असताना.

झीरो करणे, म्हणजे साइट जुळवणे, हे पट्टा बांधूनच करावे, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पट्टा दस्त्याचा पुढचा भाग खाली व बाजूस ओढतो आणि लाकूड नळीला टेकले की गोळी सरकते. पट्ट्याविना जुळवलेली साइट पट्टा बांधल्यावर तशीच राहील, असे नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप पडू द्यावा, एका गोळीवरून निर्णय घेऊ नये. ग्रुप ज्या दिशेस न्यायचा, त्याच दिशेस मागची साइट सरकवावी. पुढची सरकवायची असेल, तर उलट दिशेस. मुले हा नियम हमखास उलटा करतात, म्हणून तो फळ्यावर लिहिलेलाच असतो.

प्रत्येक विद्यार्थ्याची एक लहान वही असते. तीत तारीख, रायफलचा क्रमांक, पट्ट्याचे छिद्र कितवे, अंगात सदरा की स्वेटर, ऊन की ढग आणि ग्रुप कुठे पडला, एवढे लिहिले जाते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीची वही आम्ही तिच्या अनुमतीने ठेवून घेतली आहे. तिच्या पहिल्या पानावर छिद्राच्या रकान्यात तिने लिहिले आहे, "नवे पाडलेले, दुसरे."

वर्ग संपला की झाडलेल्या पुंगळ्या व उरलेली काडतुसे मिळून दिलेल्या संख्येशी जुळवली जातात. हिशेब जुळल्याखेरीज कोणीही मैदान सोडत नाही. मग नळीतून चिंधी ओढून तेलाचा हलका हात दिला जातो, पट्टा सोडून, पुसून सावलीत टांगला जातो, रायफली गाडीत चढतात आणि मुले हातपाय धुऊन जेवणाच्या पंगतीस जातात.