फवारणीच्या ड्रोनचा दाखला

ड्रोनवाला बांधावर आला की आधी दाखला मागावा, भाव मागाहून. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे यंत्राच्या नमुन्याची चाचणी झाल्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ‘टाइप सर्टिफिकेट’ देते. हा दाखला नमुन्याचा; नोंदणी क्रमांक मात्र प्रत्येक ड्रोनचा वेगळा, जसा बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक लेकराचा. चालवणाऱ्याकडेही प्रमाणपत्र हवे. सांबरा विमानतळाजवळच्या शेतांना तर उड्डाणाची परवानगीही लागते.

पण आम्हांस दुसरीच काळजी आहे. हा दाखला उडण्याचा, औषधाचा नव्हे. ड्रोनच्या टाकीत पाणी थोडे, म्हणून औषध पाठीवरच्या पंपापेक्षा पुष्कळ कडक असते आणि वाऱ्याने शेजारच्या विहिरीवर जाते. विहीर झाका, गुरेपोरे दूर ठेवा आणि त्या औषधाला ड्रोनने फवारण्याची मंजुरी आहे का, ते विचारा.